कारखान्याचा सभासद आणि बाहेरचा कोयता

ऊसतोडीच्या धंद्यात ‘कोयता’ म्हणजे नुसतं हत्यार नाही. तोडणीला निघालेली नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो तीही कोयत्यामागे. नंदुरबार आणि धुळ्याचे असे हजारो कोयते दरवर्षी दक्षिण गुजरातच्या सहकारी साखर कारखान्यांकडे जातात. त्यातले बहुतेक आदिवासी असतात. कारखाना सहकारी, मग या माणसांचा त्यात वाटा किती?

याचं उत्तर शोधायला धनंजयराव गाडगीळांपर्यंत मागे जावं लागतं. भारतातल्या उद्योगांच्या वाटचालीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९२४ साली आलं, तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. जुने कारागीर मोडत गेले आणि नव्या गिरण्यांनी त्या मानाने थोड्यांनाच काम दिलं, हे चित्र त्यांनी त्यात मांडलं. १९३० मध्ये पुण्यात गोखले संस्था निघाली, तिचे ते पहिले संचालक. पण ते पुस्तकात अडकून राहिले नाहीत. नगर जिल्ह्यातल्या लोणीत विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा करायचं मनावर घेतलं, तेव्हा गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला गाळप सुरू झालं.

कल्पना साधी होती. ऊस पिकवणाराच कारखान्याचा मालक. शेअर कितीही असोत, मत एकच. सरकारनं भागभांडवल दिलं, कर्जाला हमी दिली, परवाने देताना सहकाराला झुकतं माप दिलं. खाजगी कारखानदारासमोर हात जोडणारा शेतकरी सभासद झाला. ही लहान गोष्ट नव्हती.

मात्र सभासद होण्यासाठी ऊस हवा, उसासाठी पाणी हवं आणि त्याआधी जमीन हवी. शहाद्याची अडचण इथेच होती. तापीकाठची काळी जमीन भिल्लांच्या हातून सावकार आणि मोठ्या शेतकऱ्यांकडे गेलेली. ज्यांची जमीन गेली, तेच त्या जमिनीवर सालदार म्हणून राबत होते. आधी अंबरसिंग महाराज आणि मग १९७२ पासून श्रमिक संघटना जमीन आणि मजुरीसाठी उभी राहिली, ती या मातीतून. पुढे त्याच शहाद्यात सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखाना आला. ज्याच्याकडे जमीन, तो भागधारक. बाकीच्यांच्या हातात कोयता.

१९६९ मध्ये योजना आयोगाचे उपाध्यक्ष असताना गाडगीळांनी राज्यांना केंद्राची मदत वाटण्याचं सूत्र दिलं. ६० टक्के लोकसंख्येवर, १० टक्के दरडोई उत्पन्न कमी असलेल्या राज्यांसाठी. मागासांना थोडं जास्त, हा विचार त्यात होता. पण सूत्र राज्याच्या सीमेपर्यंतच पोचत होतं. राज्याच्या आत अक्राणीचा डोंगर आणि प्रवरेचं खोरं यांत किती अंतर आहे, ते त्याला दिसत नव्हतं.

१९७० च्या दशकात डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन बारडोलीच्या सहकारी कारखान्याच्या फडांवर गेले. गावचे हळपती मजूर रिकामे असताना कारखाना खानदेशातून माणसं आणत होता. बाहेरचा मजूर उचलीनं बांधलेला असतो, वेळी-अवेळी ट्रक भरतो, हंगाम संपला की निघून जातो. सभासदाला उसाचा भाव चांगला मिळण्यात या स्वस्त तोडणीचाही वाटा होता.

दक्षिण कोरियाच्या उद्योगांचा अभ्यास करणाऱ्या अ‍ॅलिस अ‍ॅम्सडेन यांचं १९८९ चं पुस्तक इथे उपयोगी पडतं. कोरियाच्या सरकारनं कारखानदारांना स्वस्त कर्ज दिलं, पण बदल्यात निर्यातीची लक्ष्यं पुरी करून घेतली. तिथल्या कामगारांचेही हाल होतेच; तास लांब, संघटनांवर दडपण. तरी एक गोष्ट त्यातून कळते. सरकारी मदतीला अट लावता येते. तोडणाऱ्याच्या मजुरीची, निवाऱ्याची, त्याच्या पोरांच्या शाळेची अट आपल्या कारखान्यांच्या भागभांडवलाला लावता आली असती.

अलीकडे महाराष्ट्रात ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलं. म्हणजे अट लावता येते, उशिरा का होईना. पण नंदुरबारचा जो कोयता सीमा ओलांडून गुजरातेत जातो, त्यानं तोडलेल्या टनावर हे १० रुपये लागू होत नाहीत.