दम्यावर धुराचा इलाज

डोणगावापासून गोंदियापर्यंत, विदर्भातील कोणत्याही गावाच्या उकिरड्यालगत वा पडीक जागी धोतरा आपोआप उगवतो. महाशिवरात्रीला तो महादेवाला वाहिला जातो. एरवी गुरेही त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. या विषारी झुडपाने दम्याच्या इतिहासात मात्र मोठा प्रवास केला आहे.

१८०२ साली मद्रासचे डॉ. जेम्स अँडरसन यांनी जनरल जेंट या लष्करी अधिकाऱ्याला एक एतद्देशीय उपाय सांगितला : धोतऱ्याचे मूळ वाळवून, कुटून चिलमीतून ओढायचे. जेंट यांनी तो विलायतेत नेला. पुढे शंभराहून अधिक वर्षे युरोपातील औषधांच्या दुकानांत ‘दम्याच्या सिगारेटी’ राजरोस विकल्या जात. कादंबरीकार मार्सेल प्रूस्त त्या ओढत असे.

हा निव्वळ भोंदूपणा नव्हता. धोतऱ्यातील ॲट्रोपीनमुळे आवळलेल्या श्वासनलिका खरोखर सैल होतात. आज इनहेलरमधून दिले जाणारे इप्राट्रोपियम त्याच घराण्यातले. परंतु औषध आणि त्याला वाहून नेणारा धूर यांतला भेद त्या काळी कोणी केला नाही. स्वतः दमेकरी असलेले लंडनचे डॉ. हेन्री हाइड साल्टर यांनी १८६० च्या आपल्या ग्रंथात तंबाखूलाही दम्यावरील उपायांत स्थान दिले. धुराला असा प्रतिष्ठेचा आधार मिळाल्यावर त्याच्याविषयी संशय घेणार कोण?

संशय घेणारे पूर्वी होते. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेगाने विजापुराहून तंबाखू आणून अकबरापुढे ठेवली, तेव्हा दरबारी हकिमाने अपरीक्षित वस्तू म्हणून आक्षेप घेतला. बादशहाने थोडे झुरके घेऊन सोडून दिले. दरबाराने मात्र सोडले नाही. दख्खनमधून उत्तरेकडे गेलेली ही तंबाखू पुढे भंडारा-गोंदियाच्या तेंदूपानात गुंडाळली जाऊन विडी झाली आणि गरिबाच्या खिशात स्थिरावली.

मुलांबाबत कायदा आधी जागा झाला, विज्ञान नंतर. ब्रिटनने १९०८ साली सोळा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास बंदी घातली. बंगालने १९१९ मध्ये तसाच कायदा केला. त्यामागे ‘पोरे खुरटतात’ एवढीच ठोकळ धारणा होती. ती किती खरी होती, हे कळायला १९९६ उजाडावे लागले. अमेरिकेतील सहा शहरांत १० ते १८ वयाच्या सुमारे दहा हजार मुलामुलींची फुप्फुसे वर्षानुवर्षे मोजली गेली. दिवसाला पाच सिगारेटी ओढणाऱ्यांतही फुप्फुसांची वाढ मंदावलेली दिसली, आणि मुलींत ती अधिक. फुप्फुसे विशीपर्यंत वाढत असतात. त्या वर्षांत राहिलेली उणीव पुढे भरून निघणे कठीण. दमा असलेल्या मुलाचे संकट तर दुहेरी असते. धुराने श्वासनलिकांतील केशतंतू निकामी होतात, कफ साचतो, सूज वाढते. शिवाय सूज उतरवणारे स्टेरॉइडचे इनहेलर धूम्रपान करणाऱ्यांत पुरेसे काम करीत नाही. म्हणजे झटके वाढतात आणि औषधही थिटे पडते.

आपल्याकडे मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना, तसेच शाळा-महाविद्यालयांपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे ९१ मीटरपर्यंत, तंबाखूविक्री बेकायदा ठरवली. डोणगावच्या शाळेलाही तोच नियम लागू. तरी एक फट उरलीच होती. पोरगा पाकीट विकत घेत नाही. तो एकच सिगारेट घेतो, तीही सुटी, जिच्यावर इशाऱ्याचे चित्र नसते. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी आणि विड्यांच्या विक्रीवर बंदी घातली, ती ही फट बुजवण्यासाठी.