छोट्या ट्रॅक्टरच्या सुकाणू यंत्रणेची दुरुस्ती

छोट्या ट्रॅक्टरच्या सुकाणू यंत्रणेची दुरुस्ती म्हणजे चालकाच्या हातातील स्टीयरिंगपासून पुढच्या चाकांपर्यंतच्या साखळीतील झिजलेले भाग शोधणे, ते दुरुस्त करणे किंवा बदलणे आणि चाकांची दिशा पुन्हा जुळवणे होय. या यंत्रणेतील एखादा सांधा निखळल्यास ट्रॅक्टरवरील नियंत्रण तत्काळ सुटते. त्यामुळे ब्रेकच्या दुरुस्तीइतकेच या कामाला महत्त्व आहे.

स्थानिक संदर्भ

रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर हे तालुके डोंगराळ असून येथे पावसाळी भात हे मुख्य पीक आहे. रायगड किल्ल्याच्या पायथ्याचे हिरकणीवाडी हे गाव महाड तालुक्यात असून किल्ल्यावर जाणाऱ्या रोपवेचे खालचे स्थानक तेथे आहे. अशा भागात खाचरे लहान आणि बांध जवळजवळ असल्यामुळे मोठ्या ट्रॅक्टरपेक्षा पॉवर टिलर व छोटा ट्रॅक्टर अधिक सोयीचे ठरतात. चिखलणीच्या वेळी पुढचा आस चिखलात बुडतो, तर प्रत्येक खाचराच्या टोकाशी ट्रॅक्टर पूर्ण वळवावा लागतो. हंगाम संपल्यावर तोच ट्रॅक्टर ट्रॉली जोडून चढउताराच्या रस्त्यावर चालवला जातो. या दोन्ही कामांचा भार सुकाणूच्या सांध्यांवर पडतो.

रचना

साध्या यांत्रिक प्रकारात स्टीयरिंगचे फिरणे दांड्यावाटे स्टीयरिंग बॉक्समध्ये पोहोचते. तेथील दात्यांमुळे ड्रॉप आर्म पुढे-मागे हलतो. ड्रॅग लिंक ही गती एका चाकाच्या स्टीयरिंग आर्मला देते आणि टाय रॉड ती दुसऱ्या चाकापर्यंत नेतो. ड्रॅग लिंक व टाय रॉड यांच्या टोकांना बॉल जॉइंट असतात. चाकाचा स्टब अॅक्सल किंगपिनभोवती फिरतो आणि किंगपिन बुशमध्ये बसवलेली असते. पुढचा संपूर्ण आस मधल्या पिनेवर डोलतो, म्हणून खाचखळग्यांतही दोन्ही चाके जमिनीला टेकलेली राहतात.

वळताना आतले चाक बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळावे लागते. स्टीयरिंग आर्मच्या तिरकस मांडणीमुळे हे साधते. ही रचना म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर याने घोडागाडीसाठी शोधली व १८१८ मध्ये रुडॉल्फ अॅकरमन याने इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले. ती आजही अॅकरमन याच्याच नावाने ओळखली जाते. आर्म वाकल्यास ही जुळणी बिघडते आणि टायर घासले जातात.

झिजेची कारणे आणि लक्षणे

बॉल जॉइंटचे रबरी बूट फाटले की चिखल व बारीक वाळू आत शिरते आणि ग्रीसमध्ये मिसळून कानशीप्रमाणे काम करते. ग्रीस वेळेवर न भरल्यास किंगपिन व बुश कोरडे पडतात. स्टीयरिंगचा मोकळा खेळ वाढणे, सरळ रस्त्यावर ट्रॅक्टर डुलणे, पुढची चाके थरथरणे, वळताना खडखड होणे आणि टायर एका कडेने झिजणे ही मुख्य लक्षणे होत.

तपासणी

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून हँडब्रेक लावतात व मागच्या चाकांना उटी लावतात. एकाने स्टीयरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवायचे आणि दुसऱ्याने प्रत्येक सांधा पाहायचा, ही सर्वांत खात्रीची पद्धत आहे. ज्या सांध्याची एक बाजू हलते व दुसरी स्थिर राहते, तेथे झीज असते. त्यानंतर पुढचा आस जॅकने उचलून भक्कम ठोकळ्यांवर टेकवतात व चाक वर-खाली धरून हलवतात. हब स्टब अॅक्सलवर हलत असेल तर दोष बेअरिंगमध्ये असतो. स्टब अॅक्सलच आसाच्या तुलनेत हलत असेल तर किंगपिन किंवा बुश झिजलेले असते.

टाय रॉडचे टोक बदलणे

सांधा स्वच्छ पुसून स्प्लिट पिन काढतात. नट पूर्ण न काढता काही आटे शिल्लक ठेवून ढिला करतात, म्हणजे सांधा एकदम निसटत नाही. पुलरने किंवा आर्मच्या डोळ्याच्या बाजूवर हातोडा मारून निमुळता भाग सोडवतात. आट्यांवर हातोडा मारू नये. लॉक नट सैल करून जुने टोक काढताना त्याचे फेरे मोजतात व नवे टोक तितकेच फेरे आत बसवतात. काही टोकांना उलटे आटे असतात. शेवटी नट कसून नवी स्प्लिट पिन घालतात. जुनी पिन पुन्हा वापरू नये.

किंगपिन, बुश आणि स्टीयरिंग बॉक्स

झिजलेले बुश दाबून काढून नवे बसवताना त्यातील छिद्र ग्रीसच्या वाटेशी जुळले पाहिजे. पिन हाताने सहज फिरेल, पण डुलणार नाही, इतपत बुश रीमरने साफ करतात.

स्टीयरिंग बॉक्सचा स्क्रू सर्वांत शेवटी आणि चाके सरळ ठेवून जुळवावा. सांध्यांची झीज झाकण्यासाठी आधीच हा स्क्रू आवळल्यास स्टीयरिंग जड होते आणि दाते खराब होतात, मूळ सांधा मात्र सैलच राहतो. बॉक्समधील तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे असे समजून सील व तेल बदलावे. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पाण्याखाली गेले, तशा पुरात बुडालेल्या वाहनांमध्ये ही तपासणी आवश्यक ठरते.

चाकांची जुळणी

दोन्ही चाकांमधील अंतर हबच्या उंचीवर पुढे व मागे मोजतात. पुढचे अंतर मागच्यापेक्षा काही मिलिमीटर कमी ठेवतात. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्यावा. टाय रॉड आसाच्या मागे असेल तर त्याची लांबी वाढवल्याने पुढचे अंतर घटते.

कायदा आणि सुरक्षितता

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार स्टीयरिंगचा मोकळा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. बॉल जॉइंटना रबरी टोप्या असणे आणि बोल्ट व पिना पक्क्या अडकवलेल्या असणेही त्यात अपेक्षित आहे. वाकलेला स्टीयरिंग आर्म किंवा तुटलेला टाय रॉड वेल्डिंग करून वापरू नये. जोडाजवळचे पोलाद ठिसूळ होऊन तो पुन्हा अचानक तुटू शकतो. वरंधा किंवा आंबेनळीसारख्या घाटात भरलेली ट्रॉली मागे असताना असा सांधा तुटल्यास चालकाला सावरण्याची संधी मिळत नाही. म्हणून दुरुस्तीनंतर प्रथम मोकळ्या मैदानात, कमी वेगाने आणि ट्रॉली न जोडता चाचणी घेतात व काही तास काम झाल्यावर सर्व नट पुन्हा तपासतात.