संगमावरची पंगत

प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो ती ‘माझी’ म्हणून नव्हे, तर ‘आमची’ म्हणून. या एका अनेकवचनी शब्दात केवढी मोठी जबाबदारी दडलेली आहे, हे उमजण्यास कधीकधी एखाद्या दूरच्या शहराचा इतिहासही उपयोगी पडतो. कॅनडातील विनिपेग हे असेच एक शहर आहे.

रेड आणि असिनिबॉइन या दोन नद्यांच्या संगमावर, प्रेअरी नावाच्या अफाट गवताळ मैदानाच्या पूर्व टोकाशी हे शहर वसले आहे. हिवाळ्यात येथे पारा उणे ३० अंशांखाली उतरतो आणि नद्या गोठून रस्त्यांसारख्या होतात. उन्हाळा थोड्याच महिन्यांचा; म्हणून जे पिकते, जे पकडले जाते, ते साठविण्याची विद्या येथे जीवनविद्याच ठरली. आज विनिपेग खाद्योत्सवांसाठी नावाजले जाते. परंतु या उत्सवांच्या ताटात जे वाढले जाते, त्यातील पुष्कळसे पदार्थ सुबत्तेतून नव्हे, तर भुकेच्या दिवसांतून आलेले आहेत.

या भूमीचा आद्य पदार्थ म्हणजे पेमिकन. बायसन या रानबैलाचे मांस पातळ कापून उन्हात वा धगीवर वाळवायचे, कुटून त्याचा भुगा करायचा, त्यात वितळलेली चरबी आणि बहुधा सॅस्काटून नावाची जांभळी रानफळे मिसळायची आणि ते मिश्रण कातड्याच्या पिशवीत शिवून टाकायचे. अशी पिशवी सुमारे ९० पौंड भरे व तिच्यातील अन्न दीर्घकाळ टिके. ही विद्या आदिवासींची. पुढे आदिवासी माता व युरोपीय पिते यांच्यापासून निर्माण झालेल्या मेती समाजाने ती वाढविली. केसाळ कातड्यांचा साऱ्या वायव्य प्रदेशातील व्यापार या शिदोरीवरच चालत असे.

१८१२ साली लॉर्ड सेल्कर्क यांनी पाठविलेले स्कॉटिश व आयरिश वसाहतकरी संगमावर येऊन पोहोचले, तेव्हा त्यांच्यापाशी धड नांगरही नव्हता. पहिला हिवाळा त्यांनी दक्षिणेस पेंबिना येथे काढला. तेथे शिकारी लोकांनी दिलेल्या बायसनच्या मांसावर ते जगले. सोतो जमातीचे प्रमुख पेग्विस यांनी पुढेही या परक्यांना वेळोवेळी आधार दिला. परंतु भूक कृतज्ञतेला फार काळ टिकू देत नाही. ८ जानेवारी १८१४ रोजी वसाहतीचे गव्हर्नर माइल्स मॅक्डोनेल यांनी पेमिकन या प्रदेशाबाहेर नेण्यास बंदी घातली. ज्यांच्या श्रमाने ते तयार होई, त्यांच्याच उदरनिर्वाहावर हा घाव होता. वैमनस्य पेटत गेले आणि १९ जून १८१६ रोजी सेव्हन ओक्स येथील चकमकीत नवे गव्हर्नर रॉबर्ट सेंपल यांच्यासह वसाहतीकडील सुमारे २० माणसे मारली गेली.

या रक्तपातानंतर दोन वर्षांनी, जुलै १८१८ मध्ये फादर जोसेफ-नॉर्बेर प्रोव्हॉन्शे क्वेबेकहून नावेने येथे आले. नदीच्या पूर्व तीरावर त्यांनी लाकडी ओंडक्यांचे मिशनघर उभारले. तेथे सेल्कर्क यांनी आणलेल्या जर्मनभाषक शिपायांची वस्ती होती; म्हणून जर्मनीचे प्रेषित संत बोनिफेस यांचे नाव त्या स्थानास देण्यात आले. त्याच उन्हाळ्यात टोळधाडीने उभे पीक फस्त केले. पुढील वर्षीही तेच घडले. अखेर पेरण्यापुरतेही बियाणे उरले नाही, तेव्हा माणसे बर्फातून चालत मिसिसिपीकाठच्या प्रेरी द्यु शीं गावापर्यंत गेली आणि १८२० मध्ये नावांतून गहू घेऊन परतली. पुढे जगाला धान्य पुरविणारे हे शहर एके काळी मूठभर बियाण्यासाठी असे वणवण फिरले होते.

मेतींची शिकार ही एक शिस्तबद्ध मोहीमच असे. १८४० सालच्या मोहिमेत १,६३० माणसे व १,२१० गाडे होते, अशी नोंद अलेक्झांडर रॉस यांनी केली आहे. त्या मोहिमेच्या नियमांत पहिलाच नियम असा की, प्रभुवारी बायसनचा पाठलाग करू नये. समोर अन्नाचे कळप धावत असतानाही विसाव्याचा दिवस पाळणाऱ्या या शिकाऱ्यांची श्रद्धा आम्हांस अंतर्मुख करते.

पण १८८०च्या सुमारास कॅनडाच्या मैदानांतून बायसन जवळजवळ नाहीसा झाला. मेतींच्या मुलांसाठी १८७०च्या मॅनिटोबा कायद्याने राखून ठेवलेली १४ लाख एकर जमीन दिरंगाई व गैरव्यवस्थेमुळे त्यांच्या बहुतांश हाती राहिली नाही. शासनाने आपले वचन सचोटीने पाळले नाही, असा निर्वाळा कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. मेतींचे नेते लुई रिएल यांना १८८५ साली फाशी झाली. त्यांची कबर संत बोनिफेस कॅथीड्रलच्या आवारात आहे. ज्यांची शिकार गेली, ते शिधा म्हणून मिळालेल्या पिठाची व चरबीची बॅनक नावाची जाड रोटी करून खाऊ लागले. आज हीच रोटी उत्सवांत कौतुकाने विकली जाते.

दरम्यान रेल्वे आली आणि गव्हाचे युग सुरू झाले. १८८७ मध्ये विनिपेगचा धान्यबाजार स्थापन झाला. जर्मनभाषक मेनोनाइट १८७४ मध्ये, आइसलंडचे लोक १८७५ मध्ये आणि १८९१ पासून युक्रेनियन लोक या प्रदेशात येऊ लागले. आइसलंडच्या लोकांनी विनारतेर्ता हा सुकविलेल्या आलुबुखारांच्या सारणाचा थरांचा केक आणला. त्याला वेलचीचा सुगंध असतो. युक्रेनियन गृहिणींनी बटाटा, चीज वा कोबीचे सारण भरलेली उकडलेली पेरोगी व कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात आणला. १९१२ मध्ये त्यांचे पहिले बिशप निकिता बुदका विनिपेगला आले. त्यांना २००१ मध्ये धन्यवादित म्हणून घोषित करण्यात आले.

नाताळच्या पूर्वसंध्येस या युक्रेनियन घरांत पहिली चांदणी दिसल्यावर भोजन सुरू होते. मांसरहित बारा पदार्थ; त्यांत प्रथम मान कुत्या या उकडलेले गहू, मध व खसखस यांच्या पदार्थाचा. मेजावरील कापडाखाली गव्हाणीची आठवण म्हणून गवत पसरतात आणि दिवंगत आप्तांसाठी एक जागा रिकामी ठेवतात.

आज या शहराचे वर्ष चवींनी मोजता येते. फेब्रुवारीत संत बोनिफेस भागात १९७० पासून भरणाऱ्या फ्रेंच महोत्सवात वाटाण्याचे गरम सूप मिळते आणि स्वच्छ बर्फावर ओतलेला मेपलचा पाक काडीला गुंडाळून मुले चाखतात. जुलैत सॅस्काटूनची फळे पिकतात. ऑगस्टमध्ये फोकलोरामा हा उत्सव असतो. मॅनिटोबा प्रांताच्या शताब्दीनिमित्त १९७० मध्ये तो सुरू झाला. त्यात निरनिराळे समाज आपापली दालने थाटून आपले अन्न व नृत्य सादर करतात, आणि भारतीयांचे दालनही त्यात असते. उन्हाळा सरताना आदिवासी नावेतून रानतांदळाच्या ओंब्या काठीने झोडतात. शरद ऋतूत गावोगावच्या चर्चच्या सभागृहांत टर्कीची सामुदायिक जेवणे होतात. ही जेवणे रांधतात, वाढतात आणि नंतर भांडी घासतात ती धर्मग्रामातील माणसेच. संगमावर रेल्वेच्या जुन्या तबेल्यांत १९८९ साली बाजार सुरू झाला. तेथे हे सारे जग एका छपराखाली जेवते.

एवढे गोड वर्णन करून थांबणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. याच देशात, चर्चच्या हाती असलेल्या निवासी शाळांत, आदिवासी मुले अर्धपोटी राहिली. १९४८ ते १९५२ या काळात अशा सहा शाळांतील सुमारे १,००० मुलांवर सरकारी तज्ज्ञांनी आहाराचे प्रयोग केले. तुलना करता यावी म्हणून एका शाळेत मुलांचे अपुरे दूध दोन वर्षे अपुरेच ठेवण्यात आले. इतिहासकार इअन मॉस्बी यांनी २०१३ मध्ये हे उजेडात आणले. त्या शाळांपैकी काही कॅथोलिक होत्या. २५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अल्बर्टातील मास्क्वासिस येथे जाऊन निवासी शाळांतील दुष्कृत्यांबद्दल क्षमा मागितली. या शाळांची कागदपत्रे व वाचलेल्यांच्या साक्षी आज विनिपेगमध्येच, मॅनिटोबा विद्यापीठातील राष्ट्रीय केंद्रात जपून ठेवल्या आहेत.

ज्यांनी पहिल्या हिवाळ्यात परक्यांना जेवू घातले, त्यांच्याच नातवंडा-पतवंडांना त्या परक्यांच्या वंशजांनी उपाशी ठेवले. या इतिहासातील सर्वांत जड वाक्य हेच होय. म्हणून त्या शहरातील पंगतीचे सौंदर्य आम्हांस केवळ पदार्थांच्या विविधतेत दिसत नाही. जेवताना आपण कोणाचे ऋणी आहोत हे आठवणे, आणि ज्यांना एके काळी पंगतीतून उठविले त्यांच्यासाठी आता नुसती रिकामी जागा न ठेवता त्यांना सन्मानाने बोलावून आणणे, यातच तिचे खरे सौंदर्य आहे. ‘आमची’ भाकर या शब्दाचा अर्थ तरी याहून वेगळा काय असणार?