भिक्खूंचा वस्तरा आणि त्याची धार

भिक्खुसंघाचा इतिहास लिहिताना लेणी, विहार, संगीती व राजाश्रय यांचा विचार होतो; भिक्खूच्या हातातील वस्तऱ्याचा सहसा होत नाही. तथापि विनयपिटकाने या लहानशा उपकरणाचीही नोंद ठेवली आहे, आणि ती सामाजिक दृष्ट्या अत्यंत बोलकी आहे.

चुल्लवग्गात प्रसंग असा आहे. पुष्कळ भिक्खूंचे केस वाढले होते. भगवंतांनी विचारले, भिक्खू एकमेकांचे केस उतरवू शकतात काय? भिक्खूंनी होकार दिला. तेव्हा भगवंतांनी ‘खुर’ म्हणजे वस्तरा, ‘खुरसिला’ म्हणजे त्याला धार लावण्याचा दगड, तसेच लोकरी नमदा व क्षौराचे सर्व साहित्य बाळगण्यास अनुज्ञा दिली. केसांसाठी दोन महिने किंवा दोन अंगुळे ही मर्यादाही ठरली.

येथे वस्तऱ्यासोबत दगडाचीही अनुज्ञा आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. धार परक्याकडून लावून घ्यावयाची असती, तर दगडाचे प्रयोजनच नव्हते. वस्तरा चालविणे आणि त्याची धार राखणे, दोन्ही भिक्खूंनी शिकावयाचे होते.

ही विद्या सोपी नाही. आजचा उघडा वस्तरा पाजळणाऱ्या नवशिक्यालाही तिचा प्रत्यय येतो. पाते दगडावर आडवे ठेवून त्याची पाठ व धार दोन्ही टेकलेली ठेवावी लागतात. पाठ उचलली की धारेचा कोन बिघडतो. दाब वाढला की धार असमान होते. दगडावर धार पुढे ठेवून पाते सरकवावयाचे. नंतर चामड्याच्या पट्ट्यावर मात्र पाठ पुढे आणि धार मागे. पाते उलटताना ते पाठीवरच उलटावे, अन्यथा चामडे कापले जाते व धारही मरते. नवशिक्याचा पहिला दोष बहुधा घाईचा असतो आणि दुसरा जोराचा. हलका हात व सावध चित्त यांवाचून वस्तरा वश होत नाही. दुसऱ्याच्या मस्तकावर तो चालवावयाचा असेल, तर ही सावधानता करुणेचेच एक रूप ठरते.

आता प्रश्न असा की, ज्याचा जन्म न्हाव्याच्या घरी झाला, त्याचे संघात काय झाले? उपाली हा शाक्यांचा न्हावी. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद आदी शाक्यकुमार त्याच्यासह भगवंतांकडे आले, तेव्हा आपला कुलाभिमान गळावा म्हणून त्यांनीच उपालीला प्रथम प्रव्रज्या देण्याची विनंती केली. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाविषयीच्या प्रश्नांची उत्तरे उपालीनेच दिली.

महावग्गात याची दुसरी बाजू आढळते. आतुमा येथील एका वृद्ध भिक्खूने, जो पूर्वी न्हावी होता, आपल्या दोन मुलांना धोकटी देऊन घरोघर पाठविले आणि संघासाठी तांदूळ, तेल इत्यादी जमविले. भगवंतांनी त्यास दोष दिला व पूर्वी न्हावी असलेल्या भिक्खूने क्षौराचे साहित्य बाळगू नये असा नियम केला. हा नियम प्रथमदर्शनी कठोर वाटतो. आम्ही त्याचा अर्थ असा लावतो की, संघात हे काम सर्वांचे झाले. ज्याच्यावर ते जन्माने लादले गेले होते, त्याच्यामागे मात्र ते संघात येणार नव्हते.

हा इतिहास आपणांस परका नाही. बाबासाहेबांच्या बालपणी साताऱ्यात न्हावी होते आणि त्यांना देण्यास घरात पैसेही होते; तरीही अस्पृश्यांची हजामत करण्यास कोणी तयार नसल्यामुळे भावंडांचे केस थोरली बहीण कापीत असे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात बाबासाहेबांनी ही आठवण नोंदविली आहे. त्यांच्याच ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात उपालीच्या धम्मदीक्षेला स्वतंत्र स्थान आहे.

एकमेकांचे केस उतरविणारे भिक्खू आणि भावंडांचे केस कापणारी ती बहीण यांच्या हातातील काम एकच होते. परंतु बहिणीच्या हाती ते बहिष्काराने आले, तर भिक्खूंच्या हाती समतेने. श्रामणेर शिबिरात मुंडन होते त्या वेळी उपासकांनी हा भेद स्मरावा. कारण तेथे वस्तरा धरणाऱ्याची जात विचारली जात नाही, केवळ त्याचा हात स्थिर आहे काय एवढेच पाहिले जाते.