गाडीला जास्तीचे लाईट लावायचेत? फॉग लॅम्पची निवड, वायरिंग आणि भिंतीवरचं ॲडजस्टमेंट

दोन वर्षांपूर्वी ऊस हंगामात मी माझ्या जुन्या हॅचबॅकला ऑनलाईन मागवलेला एलईडी बार लावून घेतला होता. रील्समध्ये बघितलेला, दिवसासारखा उजेड पाडणारा. चौथ्या-पाचव्या रात्री राहुरीहून नगरकडे येत होतो. समोरून बाईक आली म्हणून मी डिपर मारला. हेडलाईट खाली गेला, पण बार वेगळ्या स्विचवर होता, तो तसाच पेटलेला राहिला. बाईक डगमगली आणि साईडपट्टीवरून खाली उतरली. पडली नाही, एवढंच नशीब.

मी थांबून मागे गेलो. बाईकवाला भांडला नाही. एवढंच म्हणाला, "दादा, काहीच दिसंना हो. पोरगी पुढं बसलीय माझी."

दुसऱ्या दिवशी बार काढला. मग जे आधी वाचायला हवं होतं ते नंतर वाचलं, दोन-तीन इलेक्ट्रिशियनांकडे तासन् तास बसलो आणि शेवटी साधे फॉग लॅम्प लावले. त्यातून जे समजलं ते इथे एकत्र देतोय. एका ओळीत सांगायचं तर लाईट किती पडतो यापेक्षा तो कुठे पडतो हे महत्त्वाचं.

आधी आहे तो लाईट तपासा

"माझ्या गाडीचा लाईटच कमी आहे" असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना नव्या लाईटची गरज नसते. खर्च करण्याआधी या चार गोष्टी बघा:

• काच: हेडलाईटची प्लास्टिकची काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्या. समोरची मोठी काच आतून पुसा. आतल्या धुरकट थरामुळे समोरचा लाईट जास्त पसरतो.
• लेव्हलचा नॉब: स्टिअरिंगच्या आसपास ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक असतं. मागे माणसं-सामान भरलं की गाडीचं नाक वर उठतं आणि डिपर समोरच्याच्या डोळ्यात जातो. तेव्हा नॉब १, २ किंवा ३ वर न्यायचा. बऱ्याच जणांनी हा नॉब कधी हातही लावलेला नसतो.
• व्होल्टेज: हॅलोजन बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड जवळपास ३० टक्के कमी होतो. जुनी वायर, गंजलेली अर्थिंग, सैल कनेक्टर यामुळे हे होतं. मल्टीमीटरने पाच मिनिटांत कळतं.
• बल्ब: एच४ हॅलोजनचं मूळ माप ६०/५५ वॉट असतं. त्याजागी १००/९० वॉटचा टाकला तर होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर करपतो.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब टाकायचा मोह टाळा. रिफ्लेक्टरचा आकार हॅलोजनच्या बारीक तारेच्या जागेनुसार घडवलेला असतो. एच४ मध्ये तर डिपरच्या तारेखाली छोटी पत्र्याची वाटी असते, तीच उजेडाला वर जाण्यापासून अडवते. एलईडीची चिप नेमकी त्या जागी बसली नाही की उजेड सगळीकडे विखुरतो. आपल्याला वाटतं भरपूर लाईट आला. तो गेलेला असतो झाडांवर आणि समोरच्याच्या डोळ्यात.

कोणता लाईट कशासाठी?

डिपर: रोजचा लाईट. वरची कड कापलेली असते, म्हणून समोरच्याला त्रास होत नाही.

अपर: रस्ता मोकळा असतानाच. लांब जातो.

फॉग लॅम्प: बंपरमध्ये खाली बसतो. झोत रुंद, जवळ आणि वरून सपाट कापलेला. रस्त्याच्या कडा, साईडपट्टी, खड्डे यासाठी. भंडारदरा, घाटघर किंवा नगर-कल्याण रस्त्यावर माळशेज घाटात पावसाळी धुक्यात याचा खरा उपयोग.

स्पॉट आणि ड्रायव्हिंग लाईट: अपरला जोड म्हणून लांब, अरुंद झोत.

एलईडी बार: बहुतेक स्वस्त बारमध्ये झोत कापायची काही सोयच नसते. शेतात, शूटिंगला ठीक. रस्त्यावर नाही.

धुक्याबद्दल एक गैरसमज दूर करू. पिवळा उजेड धुकं भेदून जातो असं म्हणतात. खरं तर धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असतात, त्यामुळे पांढरा आणि पिवळा जवळपास सारखेच विखुरतात. पिवळा डोळ्याला कमी खुपतो, हा त्याचा फायदा. पण फॉग लॅम्प काम करतो तो मुख्यतः खाली बसवल्यामुळे. उजेड धुक्यातून आपल्याच डोळ्याकडे परत कमी येतो.

कायदा काय म्हणतो?

हे वाचल्यावर माझे डोळे उघडले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १११ गाडीच्या पुढे स्पॉट लाईट, सर्च लाईट लावायला मनाई करतो. अपवादात्मक परिस्थितीत, तेही आरटीओची आधी मंजुरी घेऊनच. नियम १०६ नुसार पुढचा लाईट समोरच्याचे डोळे दिपवणार नाही असाच बसवलेला हवा. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणजे पाटी एमएच-१६ असो की एमएच-१७, स्पॉट आणि बारचा विषय इथेच संपतो. राहिला फॉग लॅम्प. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीकडून येणारा फॉग लॅम्प त्याच जागी बसवणं, हा सगळ्यात सुरक्षित मार्ग.

गंमत म्हणजे, गाड्या तपासून मंजुरी देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक आपल्या नगरलाच आहे: संरक्षण खात्याची व्हीआरडीई. नियम १२६ मध्ये पुण्याच्या एआरएआयसोबत तिचंही नाव आहे. आपल्या घराजवळ गाड्यांची कसून तपासणी होते आणि आपण मात्र विनाखुणेचा लाईट दोन मिनिटांत कार्टमध्ये टाकतो.

विकत घेताना मोबाईलवर काय बघायचं?

१. काचेवरची खूण: प्रॉडक्टचा फोटो झूम करा. गोलात इंग्रजी 'ई' अक्षर आणि शेजारी आकडा असेल तर तो लाईट आंतरराष्ट्रीय मानकानुसार तपासलेला असतो. आकडा म्हणजे मंजुरी देणारा देश, उदाहरणार्थ १ म्हणजे जर्मनी. फॉग लॅम्पवर 'बी' किंवा 'एफ३' हेही लिहिलेलं असतं. खोट्या खुणाही असतात, त्यामुळे बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या.
२. वॉट आणि लुमेनच्या आकड्यांना भुलू नका: वॉट म्हणजे किती वीज खाल्ली, लुमेन म्हणजे एकूण किती उजेड निघाला. रस्त्यावर एका ठिकाणी किती पडला ते लक्समध्ये मोजतात. भिंतीवर पडलेल्या झोताचा फोटो दाखवत नसतील तर पुढे सरका.
३. रंग: केल्विनचा आकडा बघा. ३,००० च्या आसपास पिवळा, ५,००० ते ६,००० पांढरा, त्यापुढे निळसर. निळसर नको.
४. पाणी-धूळ: आयपी६७ म्हणजे धूळबंद आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा. बंपरच्या खाली एवढं हवंच.
५. रील्सवर विश्वास ठेवू नका: मोबाईलचा कॅमेरा अंधारात एक्स्पोजर आपोआप वाढवतो. साधा लाईटही त्यात सूर्य दिसतो.

वायरिंग: रिले आणि फ्यूजशिवाय नाही

हिशोब सोपा आहे. ५५ वॉटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॉट. १२ व्होल्टने भागलं की साधारण ९ अँपिअर. एवढा करंट डॅशबोर्डच्या छोट्या स्विचमधून नेला तर स्विच जळणार. म्हणून रिले लागतो: स्विच फक्त रिलेला इशारा देतो, मोठा करंट रिलेमधून जातो.

रिलेच्या पायांवर आकडे छापलेले असतात:

• ३०: बॅटरीच्या प्लसवरून, मध्ये फ्यूज टाकून
• ८७: लाईटकडे
• ८६: स्विचकडून
• ८५: अर्थिंग

फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. लांब असेल तर मधली वायर कुठे घासून शॉर्ट झाली की तिला वाचवणारं कोणी नसतं. वरच्या हॅलोजनला १५ अँपिअरचा फ्यूज आणि २.५ चौरस मिमीची वायर. २० वॉटच्या एलईडी जोडीला साडेतीन अँपिअरही लागत नाही, तिथे ५ किंवा ७.५ चा फ्यूज पुरतो. स्विचला वीज पार्किंग लाईटच्या लाईनवरून द्या, म्हणजे पार्किंग लाईट बंद केले की फॉगही बंद होईल.

नव्या गाडीत मात्र वायर सोलून जोड देऊ नका. तिथे लाईट कॉम्प्युटर सांभाळतो. एरर येते, वॉरंटीवरही वाद होतो. काही मॉडेलमध्ये फॉगचा कनेक्टर बंपरमागे आधीच दिलेला असतो. सर्व्हिस सेंटरला आधी तेच विचारा.

भिंतीवर ॲडजस्टमेंट

ही पायरी बहुतेक फिटर गाळतात, आणि सगळा फरक इथेच पडतो.

१. टायरची हवा बरोबर करा, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस बसवा.
२. सपाट जागेत भिंतीपासून ५ मीटरवर गाडी लावा. जमिनीला उतार नाही ना, ते मोबाईलच्या लेव्हल ॲपने बघा.
३. जमिनीपासून फॉग लॅम्पच्या मध्यापर्यंतची उंची मोजा. साधारण २५ ते ८० सेंमीमध्ये असावी आणि डिपरच्या वर कधीही नसावी.
४. भिंतीवर त्याच उंचीला आडवी टेप लावा. तिच्याखाली १० सेंमीवर दुसरी टेप.
५. झोताची वरची कड खालच्या टेपवर येईपर्यंत स्क्रू फिरवा.
६. डावा-उजवा सारखा आहे का बघायला एकेक लॅम्प झाका आणि फोनचं लक्स मीटर ॲप एकाच अंतरावर धरा. आकडा अचूक नसतो, पण तुलनेला चालतो.

पुढे कोणाला तरी बाईकवर बसवून समोर उभं करा. त्याने डोळे मिटले तर अजून खाली घ्या.

लाईटच्या पलीकडचं

हंगामात लोणी, संगमनेर, सोनई, भेंडे, कुठल्याही कारखान्याच्या रस्त्याला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर भेटतोच. मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर उसाच्या पाल्याने झाकलेला. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. आपण ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला तर ३३ मीटर, आणि थांबायला आणखी साधारण ३५. एकूण जवळपास ७० मीटर. डिपरमध्ये अशी काळपट ट्रॉली बऱ्याचदा ५० मीटरच्या आसपासच दिसते. ६० ला हेच अंतर ४५ मीटरवर येतं. फॉग लॅम्प हा फरक भरून काढत नाही, वेग काढतो.

आणि घरी ट्रॉली असेल तर तिच्या मागे लाल रिफ्लेक्टर टेप लावा, पाला खाली लोंबणार नाही अशी मोळी बांधा. कुठल्याही एलईडीपेक्षा स्वस्त पडतं.

नेहमीचे प्रश्न

फॉग लॅम्प रोज चालू ठेवले तर? धुकं, जोराचा पाऊस नसेल तर बंद ठेवा. जवळचा रस्ता जास्त उजळला की डोळे त्याला सरावतात आणि लांबचं कमी दिसतं.

घरी बसवता येतील का? रिले, फ्यूज, मल्टीमीटर हाताळता येत असेल तर येतील. नाहीतर इलेक्ट्रिशियनकडे जा, पण भिंतीवरचं ॲडजस्टमेंट समोर उभं राहून करून घ्या.

तो बार काय केला? शेतातल्या विहिरीवर लावलाय. रात्री मोटार चालू करायला जाताना छान दिसतं.