सेवा दल ओस पडले, पुन्हा भरले

विकाराबाद-परळी रेल्वेमार्गावर बिदर सोडले की भालकी लागते, मग कमलनगर, आणि त्यानंतर गाडी महाराष्ट्रात शिरून उदगीरला थांबते. १९५६ पर्यंत ही सगळी गावे एकाच बिदर जिल्ह्यात होती. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात राहिले. औराद तालुक्यातले कमलनगर आता स्वतःच तालुका झाले आहे. सीमेच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, एक दृश्य सारखेच दिसते. कुठल्या तरी सेवा मंडळाची पाटी भिंतीवर असते, वहीत नावेही भरपूर असतात आणि बैठकीला मात्र तेच चौघे येतात. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि चहा सांगणारा.

ही तक्रार नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी याच कर्नाटकात जन्मलेली एक स्वयंसेवक संघटना अनेकदा ओस पडली आणि अनेकदा पुन्हा भरली. कमलनगरच्या वाचकाला तिचा इतिहास परका वाटू नये.

तिचे जनक डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर. जन्म १८८९, विजापूर जिल्ह्यातल्या तिडगुंदी गावचा. वैद्यकीचे शिक्षण कलकत्त्यात, पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास. न्यूयॉर्कमध्ये ते लाला लजपतराय यांच्याबरोबर होमरूलचे काम करत होते. परत आल्यावर त्यांनी हुबळीत तरुणांची सेवा मंडळी जमवली. १९२३ साली नागपूरला झेंडा सत्याग्रह पेटला तेव्हा ते हुबळीची तुकडी घेऊन गेले आणि तुरुंगात पडले. तुरुंगातले हाल सोसेनात म्हणून ठिकठिकाणच्या अनेक सत्याग्रहींनी माफी लिहून देऊन सुटका करून घेतली. हुबळीकरांनी माफी लिहून दिली नाही. हे का जमले, असा प्रश्न काँग्रेसच्या पुढाऱ्यांना पडला. शिस्तीची सवय, एवढेच साधे उत्तर होते.

त्याच वर्षाअखेर काकिनाडा अधिवेशनात हिंदुस्थानी सेवा दलाची कल्पना मांडली गेली. ती सहज पचली नाही. कवायत म्हणजे हिंसेची पूर्वतयारी, असे काही अहिंसावाद्यांना वाटले. जवाहरलाल नेहरू पाठीशी उभे राहिले आणि दलाचे पहिले अध्यक्षही झाले. पुढल्या वर्षी बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अधिवेशनात हेच स्वयंसेवक राबले. उमाबाई कुंदापूर यांनी बायकांची शाखा उभी केली. त्या काळातली एका तरुण विधवेची ही उडी आजही थक्क करते. दलाने महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी आठला झेंडावंदनाचा पायंडा पाडला. ठरलेला दिवस, ठरलेली वेळ. संघटना टिकवण्याच्या युक्त्यांत ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कमी पाळली जाणारी युक्ती असावी.

१९३१ मध्ये दल थेट काँग्रेसच्या अंमलाखाली गेले, १९३२ मध्ये सरकारने बंदी घातली आणि घडी विस्कटली. हर्डीकर रुग्णसेवेकडे वळले. घटप्रभेच्या आरोग्यधामाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले.

इकडे महाराष्ट्रातही तोवर काँग्रेसच्या सेवादलाच्या शाखा नावाला उरल्या होत्या. शहरांतली शाळकरी मुले संध्याकाळी दुसऱ्या शाखांवर, म्हणजे १९२५ साली नागपुरात निघालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शाखांवर जात होती, आणि समाजवादी तरुणांना हे बोचत होते. निव्वळ टीका करून भागणार नव्हते, कारण मुलांना टीका नको होती, मैदान हवे होते. म्हणून ४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली. ना. ग. गोरे, शिरुभाऊ लिमये ही मंडळी त्यामागे होती, आणि एस. एम. जोशी पहिले दलप्रमुख झाले. रोज संध्याकाळी शाखा, खेळ, लेझीम, गाणी, मग बौद्धिक. शाखेत जात विचारायची नाही. पूर्णवेळ काम करणारे सेवक गावोगाव फिरू लागले. वर्षभरात बेचाळीसचा लढा आला आणि या शाखांवर घडलेली पोरे भूमिगत चळवळीत दिसू लागली. खुद्द एस. एम. मुंबईत ‘इमाम अली’ या नावाने दाढी वाढवून वावरत होते.

या सगळ्यात कमलनगर कुठे होते? निजामाच्या राज्यात. तिथे सभा घ्यायची तर गश्ती निशाण ५३ हे सरकारी फर्मान आडवे येई. परवानगीशिवाय चार माणसांपुढे बोलणेही जोखमीचे होते. पुण्याची शाखा इथवर पोचणे अवघड होते. तरीही सेवेची ऊर्मी थांबली नाही, तिने वाट बदलली. उदगीर-हुमनाबाद पट्ट्यात आर्य समाजाने जोर धरला. हळीखेडचे भाई बन्सीलाल आणि भाई श्यामलाल या भावांनी तो गावोगाव नेला. श्यामलाल यांचा १९३८ मध्ये बिदरच्या तुरुंगात मृत्यू झाला. उदगीरच्या एका शिक्षणसंस्थेने त्यांचे नाव जपले आहे. दुसरीकडे कमलनगरातच जन्मलेले डॉ. चन्नबसव पट्टद्देवरु भालकीच्या हिरेमठात बसून मुलांना शिकवत होते. बाहेर उर्दू पाटी आणि आत कन्नड धडे, ही त्यांची गोष्ट बिदर जिल्ह्यात आजही सांगितली जाते. जिथे कवायत करता येत नव्हती तिथे शाळाच दल झाली, असे म्हणायला हरकत नाही.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्र सेवा दलापुढे खरा पेच उभा राहिला. इंग्रज गेले, आता कवायत कशासाठी? १९४८ मध्ये समाजवादी काँग्रेसबाहेर पडले आणि सत्तेची सावलीही गेली. कुठल्याही दुसऱ्या संघटनेने अशा वेळी वर्धापनदिन साजरे करत दिवस काढले असते. दलाला वाचवले कलापथकाने. स्वातंत्र्याच्या थोडे आधी साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून महाराष्ट्रभर दौरा केला तेव्हा दलाचे कलापथक गात, नाचत त्यांच्यासोबत हिंडले. १ मे १९४७ ला गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, दहाव्या दिवशी ते सुटले आणि मंदिर उघडले. शाखेवर जे येत नव्हते ते वग पाहायला आले. वसंत बापट, लीलाधर हेगडे, राजा मंगळवेढेकर अशी माणसे त्यासाठी लिहीत होती, गात होती, पु. ल. देशपांड्यांनी दलासाठी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य लिहिले. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके इथेच घडले. पुढच्या पिढीतली स्मिता पाटीलही सेवा दलाच्याच अंगणात वाढली.

इथे एक कडू बाब नोंदवली पाहिजे. दलाने महाराष्ट्राला नट दिले, संपादक दिले, आमदार-मंत्री दिले. त्यातले फार थोडे शाखेवर परत आले. समाजवादी पक्ष फुटत राहिला तसे दलाचे कार्यकर्तेही विभागले गेले. १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि कॉलेजच्या मुलाला श्रमदानाचे शिबिर प्रमाणपत्रासकट मिळू लागले. मग दूरदर्शन आले, आणि आमच्या पट्ट्यात तर परीक्षेच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’ने संध्याकाळच गिळली. जी वेळ लेझीमची होती ती क्लासची झाली. हे केवळ इथलेच दुखणे नाही. अमेरिकेतल्या क्लबांचे, मंडळांचे सभासद कसे आटत गेले यावर रॉबर्ट पटनम यांनी २००० साली एक जाडजूड ग्रंथच लिहिला.

तरीही दोन वेळा पुन्हा जीव आल्याचे दिसते. पहिली वाट हर्डीकरांच्याच शिष्याची. बंगळुरूचे एस. एन. सुब्बाराव सेवादलातून आले. १९७० मध्ये त्यांनी राष्ट्रीय युवा योजना सुरू केली आणि सभासदत्वाच्या वहीपेक्षा शिबिरावर भर दिला. वेगवेगळ्या राज्यांतली मुले एकत्र राहायची, श्रमदान करायची, एकमेकांच्या भाषेतली गाणी म्हणायची. साने गुरुजींचे आंतरभारतीचे स्वप्न याच जातीचे होते. मराठी आणि कन्नड एकाच बाजारात बोलणाऱ्या कमलनगरला असे शिबिर भरवायला वेगळी तयारीही लागणार नाही.

दुसरी वाट भूकंपाची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भाग जमीनदोस्त झाला. मदतीचे ट्रक आले आणि महिना-दोन महिन्यांत परतले. अनाथ झालेली मुले मात्र तिथेच होती. पन्नालाल सुराणा आणि सेवा दलाच्या साथींनी नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ उभारून त्यांना वाढवायचे काम अंगावर घेतले. कार्यकर्ते कमी झाले म्हणून आधी नोंदणी मोहीम काढावी, मग काम शोधावे, असा विचार तिथे कुणी केला नाही. समोर मुले होती, त्यांच्यासाठी माणसे जमली.

हर्डीकरांची हुबळी, एस. एम. यांचे पुणे, गुरुजींचे पंढरपूर, सुराणांचे नळदुर्ग. चारही ठिकाणी आधी काम ठरले आणि सभासद नंतर आले. उलट क्रम लावून भरलेली शाखा या शंभर वर्षांत सापडत नाही. कमलनगर, औराद, भालकीकडच्या ज्या मंडळांची वही जाड आणि बैठक रिकामी आहे, त्यांनी या वर्षीची पावतीपुस्तके छापायला टाकण्याआधी आठवड्यातली एक संध्याकाळ आणि गावातले एकच काम नक्की करावे.