अर्ध्या पडद्याची कुळकथा

दूरच्या सर्व्हरवरच्या व्हर्च्युअल मशीनचा कन्सोल उघडावा, रिझोल्यूशन वाढवावं आणि पडदा काळा पडावा. नाहीतर उजवी कड कापली जावी आणि टास्कबार खाली कुठेतरी गडप व्हावा. अशा वेळी लोक नेटला शिव्या घालतात. नेट हळू असलं तर चित्र अडखळतं, कापलं जात नाही. या दुखण्याचं मूळ शोधत गेलं की आपण १९८७ सालात पोचतो.

त्या वर्षी आयबीएमने पीएस/२ संगणकांसोबत व्हीजीए आणलं: ६४० बाय ४८० ठिपके, १६ रंग, २५६ किलोबाइट व्हिडिओ मेमरी. पुढे कार्डवाल्यांनी आपापली वाढीव रिझोल्यूशनं काढली आणि त्यांना एका शिस्तीत आणायचं काम व्हेसा या संस्थेकडे आलं. जुनं व्हीजीए मात्र कुणीच सोडलं नाही. खास ड्रायव्हर नसतानाही पडद्यावर काहीतरी उमटेल, एवढी हमी त्यातच होती.

व्हर्च्युअल मशीनला खरं कार्ड नसतं, सॉफ्टवेअर कार्डाचं सोंग घेतं. कोणत्या कार्डाचं? ज्याचा ड्रायव्हर सगळ्यांकडे आधीच आहे त्याचं. फाब्रिस बेलार्ड यांच्या क्यूईएमयू या असंच सोंग घेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हा मान सिरस लॉजिकच्या जीडी५४४६ ला मिळाला. हे नव्वदच्या दशकातलं पीसीआय कार्ड. सोंग इतकं हुबेहूब वठलं की कार्डाची चार मेगाबाइटची मर्यादाही सोबत आली. हिशेब करून बघा. १०२४ बाय ७६८ ठिपके, प्रत्येकाला चार बाइट: तीन मेगाबाइट, बसलं. १२८० बाय १०२४: पाच मेगाबाइट, नाही बसत. मग ठिपक्याला तीनच बाइट द्यायचे, म्हणजे पावणेचारमध्ये कसंबसं भागतं. खालच्या सर्व्हरमध्ये शेकडो गिगाबाइट रॅम पडून असली तरी हीच काटकसर! चिप कधीच भंगारात गेली होती, तिचा आकडा तेवढा मागे उरला होता. पीसीच्या सोंगासाठी न सांगता मिळणारं कार्ड म्हणून सिरस टिकलं ते २०१४ च्या अखेरीस आलेल्या २.२ आवृत्तीपर्यंत. त्यानंतर आलेल्या साध्या व्हीजीएला १६ मेगाबाइट मिळाले. त्यात २५६० बाय १६०० जेमतेम मावतं. फोर-के पडद्याला जवळपास ३२ लागतात, आणि ते आपण होऊन वाढवून द्यावे लागतात.

मेमरी वाढवली तरी चित्र आपल्यापर्यंत पोचवायचं राहतंच. ते काम बहुतेक वेळा व्हीएनसी करतं. त्याचा जन्म इंग्लंडमधल्या केंब्रिजचा, ऑलिव्हेटीच्या संशोधन प्रयोगशाळेतला. तिथे व्हिडिओटाइल नावाची एक पाटी केली होती: एलसीडी पडदा, एक पेन आणि नेटवर्कची जोडणी. डोकं सगळं दूरच्या संगणकात. बदललेला चौकोन तेवढा पाठवायचा, ही व्हीएनसीची कल्पना. १९९८ साली त्यावर निबंध लिहिणाऱ्या चौघांत क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर होते. केंब्रिजमधल्याच कॉफीच्या भांड्यावर रोखलेला जो कॅमेरा गाजला, त्यामागेही हेच गृहस्थ. ते चित्र १२८ बाय १२८ ठिपक्यांचं होतं, आणि भांडं भरलंय की रिकामं एवढं कळायला पुरे होतं.

व्हीएनसीत रुंदी आणि उंची १६-१६ बिटांत लिहितात, म्हणजे ६५,५३५ ठिपक्यांपर्यंत अडचण नाही. तरीही क्यूईएमयूच्या व्हीएनसी सर्व्हरमध्ये बराच काळ २५६० बाय २०४८ ची हद्द कोडातच लिहिलेली होती. पडदा त्याहून मोठा झाला की डावीकडचा वरचा भाग दिसे, बाकीचा कापला जाई. कापलेल्या कडेचं कोडं बरेचदा इथेच सुटतं.

१३६६ ठिपक्यांच्या रुंदीची गंमत याहून निराळी. स्वस्त लॅपटॉपांमुळे ही रुंदी घरोघरी पोचली. पण मॉनिटर आपली ओळख ज्या ईडीआयडीतून सांगतो, त्यातल्या ठरावीक नोंदींत रुंदी आठने भागून एका बाइटात लिहितात. १३६६ ला आठने पुरता भाग जात नाही. म्हणून कन्सोलच्या यादीत १३६० किंवा १३६८ दिसतं, आणि १३६० निवडलं की लॅपटॉपवर कडेला सहा ठिपके रिकामे राहतात.